पिशवीबाई आणि एक वाटी सुकडी

मागाच्या कारखान्यात कधी गेलात तर वर आढ्याकडे बघा. कापसाचा बारीक भुगा तिथं थरावर थर बसलेला असतो. तो कुणी नेऊन ठेवत नाही. माग चालतो, भुगा उडतो आणि आपला बसतो. किश्शांचं तसंच आहे बघा. मी स्वतः शाळा शिकलो नाही, पण उभा जन्म शाळेत काढला. शिपाई होतो. घंटा वाजवली, रांजण भरले, सतरंज्या झटकल्या, आणि आढ्यावर हा एवढा भुगा साठला. सगळा झाडायला बसलो तर तुम्हालाच ठसका लागेल! म्हणून आज एकच कोपरा झाडतो. पिशवीबाईंचा.

आमची शाळा सोलापुरात, पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. चार खोल्या, वर पत्रा, पुढं मैदान म्हणायचं म्हणून मैदान. साल दुष्काळाचं, बहात्तर-त्र्याहत्तरचं. शहरातल्या मागांना पुरेसं सूत मिळेना. सांगोल्याकडची माणसं गाव सोडून आलेली, त्यांची पोरंही आमच्याच सतरंजीवर. दुपारी सरकारची सुकडी यायची. गव्हाचं भाजलेलं पीठ, गूळ, शेंगदाणे. एका पोराला एक वाटी, काठावर शीग लावून. वाटायचं काम माझं. कित्येक पोरांच्या पोटात दिवसभरात धड जायचं ते तेवढंच. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं त्या वाटीपायी झालं.

एक दिवस हापिसातून साहेब आले. वर्गात डोकावले. पोरं मांडी घालून पाढे म्हणत होती. साहेब म्हणाले, "ही तर नुसती बसून असतात! बसून खाणाऱ्याला एवढं कशाला? अर्धी वाटी पुरे."

हेडमास्तर चाचरत म्हणाले, "साहेब, मुलं खेळतात, पळतात..."

"किती पळतात? मोजलंय का कुणी?"

आता असं कुणी मोजतं का हो? पण महिनाभरात मोजणारी आली की! पुण्याहून एक डॉक्टरीणबाई. पंचविशीची पोर, डोळ्यांवर जाड भिंगं, बरोबर दोन ट्रंका. पोरं दिवसभरात अंगातली किती शक्ती जाळतात ते काढायला आलेली. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाईंचा आकडा कमी आला, की अर्धी वाटी."

माझा स्वभावच सावकाश. मनात म्हटलं, बघू की!

*

बाईंनी ट्रंक उघडली आणि आतून रबराची एक भलीमोठी पिशवी काढली. माणूस मावेल एवढी! तिला नळी, नळीला तोंडात धरायचं रबर, आणि नाकाला लावायला चिमटा. तेव्हापासून त्या 'पिशवीबाई' झाल्या. त्यांचं खरं नाव हेडमास्तर सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "बाई, ह्यात काय भरायचं?"

त्या माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "मामा, चुलीत सरपण जळतं, तसं अंगात अन्न जळतं. चुलीतून धूर निघतो, तसा माणसाच्या तोंडातून श्वास. हा धूर पिशवीत धरला आणि तपासला, की सरपण किती जळलं ते कळतं."

मला लगेच पटलं. पण मला पटून काय उपयोग! संध्याकाळपर्यंत वस्तीत बोभाटा झाला, 'शाळेत पोरांचा श्वास काढून पिशवीत भरत्यात अन् पुण्याला नेत्यात!' दुसऱ्या दिवशी शाळेत एक पोर नाही. फाटकात मात्र पन्नास आया. आणि सगळ्यांच्या पुढं चौथीतल्या नरसम्माची आजी. म्हातारी तेलुगू, पण भांडायची अस्सल सोलापुरी मराठीत.

"आमच्या पोरींचा श्वास कुटं नेती ग?"

बाईंनी समजावलं, "आजी, श्वास जात नाही. तो बाहेर पडणारच असतो. मी फक्त तपासते."

"तपासून काय करती?"

"सोडून देते."

"कुटं सोडती?"

बाई म्हणाल्या, "हवेत!"

"आमच्या नातीचा श्वास, अन् पुण्याच्या हवेत? का म्हणून?"

हेडमास्तरांनी घाम पुसला. बाई मात्र चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, मग तुम्हीच सांगा, काय करू?"

म्हातारीनं जरा विचार केला. म्हणाली, "आदी तुजी एक पिशवी भर. ती हितं ठेव. तू जाताना आमचा दे, तुजा ने!"

बाईंनी खरंच नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात धरली आणि दहा मिनिटं फुंकत राहिल्या. लाल झाल्या बिचाऱ्या! मग ती टम्म पिशवी हेडमास्तरांच्या खोलीत खिळ्याला टांगली. चांगले आठ दिवस. येणारा जाणारा पालक आधी खिडकीतून वाकून पिशवी बघायचा आणि मग पोराला आत सोडायचा.

त्या आठ दिवसांत शाळातपासनीस आले. म्हणाले, "हेडमास्तर, हे काय टांगलंय?"

हेडमास्तर म्हणाले, "डॉक्टरीणबाईंचा श्वास आहे, साहेब. तारण ठेवलाय!"

*

मग स्टुलाचं आलं. लाकडी स्टूल, गुडघ्याएवढं. टकटक वाजणारं एक यंत्र ठेवायचं आणि त्याच्या तालावर पोरानं स्टुलावर चढायचं, उतरायचं. पाच मिनिटं. तोंडात नळी, पाठीवर पिशवी.

पहिला नंबर रशीदचा. तिसरीतला. काडीसारखा, पण तोंड चालायचं दहा जणांचं. नळीमुळे बोलता येईना हीच त्याला मोठी शिक्षा! चढला, उतरला, चढला, उतरला. पाच मिनिटं झाली, बाईंनी नळी काढली, तसा धापा टाकत म्हणाला,

"बाई, इत्ता चढ्या मैं, फिर बी नीच्चेच है!"

बाईंना असं हसू फुटलं, की हातातलं घड्याळ बंद करायचं राहून गेलं. सगळं वाया. म्हणाल्या, "रशीद, माझी चूक झाली रे. पुन्हा एकदा करशील?"

पोरगं स्टुलावरच बसलं. हाताची घडी घातली.

"फिरसे? पैले सुकडी!"

मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "मामा, आत्ता खाऊन चालायचं नाही, आकडा बिघडेल."

रशीद म्हणाला, "आकडा बिगडेगा तो तुम्हारा बिगडेगा. मेरा तो पेट बिगड्या है!"

त्या दिवशी बिघडलेला आकडाच वहीत गेला. त्याच्यापुढं बाईंनी काहीतरी लिहिलं. काय लिहिलं विचारल्यावर म्हणाल्या, "मुलाने नकार दिला. कारण योग्य होतं."

*

आमचे पी.टी. मास्तर म्हणजे मोठं प्रस्थ. शिट्टी फार सुंदर वाजवायचे. बाकी काही करताना मी पाहिलं नाही. मैदानात एकच कडुलिंबाचं झाड. त्याच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि पोरं आपापली हुंदडायची.

बाईंनी त्यांना सांगितलं, "मास्तर, उद्या मी खेळाचा तास लिहून घेणार. मिनिटामिनिटाला कोण काय करतं ते. तुम्ही रोजच्यासारखंच घ्या."

दुसऱ्या दिवशी मास्तर पांढरीशुभ्र विजार, पांढरे बूट घालून हजर! पोरांच्या रांगा केल्या. "एक साथ... हात वर! गुडघे वर! धाव!" पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एक डावीकडं, एक उजवीकडं. दोघांची डोकी आपटली. मास्तर ओरडले, "अरे, रोजचं आहे ना हे? विसरलात का?"

बाईंनी आपली पेन्सिल खाली केली आणि एका सांगोल्याच्या पोराला जवळ घेतलं. "बाळ, तुम्ही रोज या तासाला काय करता रे?"

पोरगं साधं. खेड्यातलं. खोटं बोलावं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"बाई, रोज आमी मास्तरांची खुर्ची सावलीत नेतो. मग सावली सरकती. मग परत नेतो."

"मास्तर तेव्हा कुठे असतात?"

"खुर्चीत की!"

बाईंनी मान खाली घातली आणि वहीत लिहिलं. हेडमास्तरांनी मागून वाचून आम्हाला ऐकवलं, 'जड वस्तू वाहून नेणे. चार मुलं. तासात तीन वेळा.'

मास्तर आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत. खुर्ची मात्र स्वतः उचलायला लागले!

*

बाई म्हणाल्या, "मामा, आता पोरं काही न करता किती जाळतात ते बघायचंय. सकाळी उपाशीपोटी आणायची, अर्धा तास नुसती झोपवायची. पण डोळे उघडे. झोप लागता कामा नये. अंग हलता कामा नये."

मी म्हटलं, "बाई, पुण्यात अशी पोरं असत्यात व्हय?"

नेमके त्या सकाळी साहेब बघायला आलेले. आम्ही सतरंजीवर सहा पोरं निजवली. दोन मिनिटं झाली नाहीत तो पाच जण घोरायला लागले! नाकाला चिमटा, तोंडात रबर, तरी घोरतायत! बाई एकाला हलवायच्या, तोवर दुसरा गेला. रशीद तर नळीतूनच घोरत होता. पिशवी फुगत होती, बसत होती.

जागी एकटी नरसम्मा. तिचे डोळे टक्क उघडे, पण उजवा हात काही थांबेना. गोल गोल फिरतोय आपला.

"नरसम्मा, हात हलवू नकोस ग."

हात थांबला. बाईंनी नळी लावली. हात परत सुरू.

"अगं!"

नरसम्मानं नळी काढली. "बाई, मी न्हाई हलवत. सकाळपासून कांड्या भरल्या की मग तो आपोआप फिरतो."

बाईंना कांड्या म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. हाताने चाक फिरवायचं, सूत कांडीवर गुंडाळायचं. ती भरलेली कांडी मागाच्या धोट्यात बसते, आडवा दोरा नेतो तो धोटा. घरात बाप्ये माग चालवतात, कांड्या बायका-पोरींच्या हातच्या. शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर.

साहेबांचं ध्यान मात्र घोरणाऱ्यांकडे. म्हणाले, "बघा! आडवी केली की झोपली! आळशी आहेत सगळी. कसली शक्ती जाळतात?"

मी साहेबांसमोर कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक. सावकाशच बोललो, आवाज चढवला नाही.

"साहेब, मागल्या टायमाला तुमी जेवून हेडमास्तरांच्या खुर्चीत झोपला हुता. तवा आमी कुणी तुमाला आळशी म्हनलो न्हाई. दमून आल्यात म्हनलो!"

बाईंनी पटकन तोंडात नळी धरली. हसू पिशवीत गेलं म्हणायचं!

*

बाईंच्या छापील कागदावर पाच रकाने होते. बसणे, उभे राहणे, चालणे, धावणे, खेळणे. त्या सकाळनंतर त्या माझ्याजवळ आल्या. "मामा, हे पाच रकाने कुणीतरी टेबलाशी बसून केलेत. मी उद्या नरसम्माच्या मागे मागे दिवसभर फिरणार."

आणि फिरल्या की! उजाडायच्या आत तिच्या दारात. गळ्यात घड्याळ, हातात फळी, फळीवर कागद. नरसम्मा घागर घेऊन टँकरला निघाली, बाई मागे. लायनीत उभ्या राहिल्या, तशी एक बाई खेकसली,

"ए घड्याळवाले! लायनीत हायस न्हवं? मग तुजी घागर कुटाय?"

"मी पाण्याला नाही आले. मी बघायला आले."

"बघायला? हितं बघायला जागा न्हाई. घागर असंल तर थांब, न्हाईतर हट!"

बाईंनी नरसम्माच्या घरून दुसरी घागर मागून आणली. झालं! मग नरसम्मा पुढं, बाई मागं, डोक्यावर घागर, दातात पेन्सिल. अशा तीन खेपा. त्यानंतर नरसम्मानं धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि चूल पेटवली. मग कांड्या. बाईंनीही चाकाशी बसून बघितलं. सूत तीनदा तोडलं. आजी म्हणाली, "राहू दे ग, तुला पिशवीच भरता येती!"

घंटेला दोघी शाळेत आल्या. नरसम्मा सतरंजीवर बसली आणि पाढे म्हणायला लागली. बाई लिंबाखाली बसल्या आणि खोडाला टेकल्या त्या टेकल्याच.

दुपारी मी सुकडी वाटत होतो. पोरांची लाईन संपली, मी डबा झाकणार, तर पुढ्यात एक थाळी. वर बघतो तो पिशवीबाई! भिंगं घामानं धुरकटलेली.

"बाई, तुमचा डबा?"

"तो दहा वाजताच संपला. मामा, शीग लावून द्या."

दिली. उभ्याउभ्या खाल्ली आणि थाळी परत पुढं केली. एकाला एकच वाटी हा नियम पोरांचा, डॉक्टरांचा नाही. मी दुसरीही दिली!

त्या आठवड्यात बाईंनी छापील कागदावर हातानं, शाईनं रकाने वाढवले. पाणी भरणे. भाऊ सांभाळणे. कांड्या भरणे. साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "हे काय? हे घरकाम आहे. ह्यात खेळ कुठे, व्यायाम कुठे? शाळेचा संबंध काय? खोडा हे."

बाई तेव्हा मोठ्यानं बोलल्या. पहिल्यांदाच.

"साहेब, जळताना शरीर विचारत नाही, हे घरकाम आहे की कवायत!"

"खोडा म्हणतो ना!"

"पेन शाईचं आहे. खोडलं तर कागद फाटेल. आणि फाटलेला कागद मी पाठवणार नाही."

कागद तसाच पुण्याला गेला. तिथं त्याचं काय झालं ते मला अजून ठाऊक नाही. मला वाचताही येत नाही. पण ते रकाने मी बघितले होते. जाड अक्षरात होते, एवढं कळलं.

*

साहेबांनी पुण्याच्या उत्तराची वाट बघितली नाही. सोमवारी आले ते खिशात नवी वाटी घेऊनच. जुनीच्या निम्मी. चकचकीत. माझ्या हातात दिली.

"आजपासून ही. एका मुलाला एक. दुसऱ्यांदा कुणी आलं तर द्यायची नाही. मी इथंच उभा आहे."

हेडमास्तर खाली बघत होते. बाई दारात होत्या. मी वाटी फिरवून बघितली. अंगठा बुडवला तर तळ लागत होता.

लाईन लागली. मी देत गेलो. पोरं थाळीत बघायची, मग माझ्याकडे बघायची. तिसरीतलं एक थाळी हलवून बघत होतं, सुकडी खाली कुठं दडलीय का म्हणून. साहेब मोजत होते. लाईन संपली. साहेब म्हणाले, "बघा! काही झालं का? पुरलं ना सगळ्यांना!"

आणि नरसम्मा उठली.

आपली थाळी धुतली, पुसली आणि मैदानातून सरळ चालत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. लपत नाही, घाबरत नाही. पदर खोचतात तसा परकर खोचलेला.

साहेब म्हणाले, "थांब. तू मघाशी घेऊन गेलीस."

"व्हय साहेब."

"नाव काय तुझं?"

"नरसम्मा."

"मघाशी घेतली ती कुणी?"

"नरसम्मानंच. पर ती शाळेतली. सतरंजीवर बसून असती ती. तुमी म्हनला न्हवं, बसनाऱ्याला अर्धी पुरं? तिला पुरली."

"मग तू कोण?"

"मी पानी आनती ती."

रशीदनं आपली थाळी विजारीला पुसली आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्यामागे सांगोल्याचं पोरगं. मग आणखी एक. मग सतरंजीवरून उठल्यासारखी सगळीच्या सगळी शाळा. लाईन पार फाटकापर्यंत गेली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते माझ्याकडे वळले.

"शिपाई! नीट बघून सांग. ही मघाचीच मुलगी आहे की नाही? एकच आहे ना ही?"

मी नरसम्माकडे बघितलं. चांगलं सावकाश बघितलं. मग वाटी डब्यात घातली.

"साहेब, मी अडाणी मानूस," म्हटलं. "मला तर दोघी दिसत्यात!"